भुणभुण
मासेमारीच्या कुठल्याशा जाळ्याची जागा सांगणारा तरंगता रेडिओ-बोया रोज सकाळी बाबांच्या हौशी रेडिओवर घुसायचा: तीच तीन मोर्स अक्षरं, सारख्या ठेक्यात. “मेल्याने कानाशी भुणभुण लावलीये,” म्हणत ते चौथं तक्रारपत्र लिहीत होते. एकाएकी ठेका अडखळला. पेन थांबलं. “हे यंत्र नाही गं. कुणीतरी बोयाची वायर हाताने जोडतंय-तोडतंय.” तक्रारपत्राच्या मागेच त्यांनी उतरवलं: बोट बुडतेय, पाच जण, पुढे अक्षांश-रेखांश. मी त्या जागेजवळच्या बचावकेंद्राला फोन लावला. “बाई, हे तर आमच्या दारात. आम्हाला कसं ऐकू येत नाही?” “ते तुमच्या डोक्यावरून, आकाशाला आपटून, तीन हजार किलोमीटरवर आमच्या खोलीत उतरतंय.” दुपारी फोन आला: पाचही जिवंत. पाण्यात राहिलेला बोया पुन्हा ठेक्यात बोलत होता. बाबांनी आवाज वाढवला. “याची ताकद जेमतेम पाच वॉट गं,” ते पुटपुटले. “एवढ्यावर आपला जुना झिरोचा बल्बही धड पेटत नाही.”