चिठ्ठीतलं पहिलं वाक्य

शाळेतल्या तपासणीत डॉक्टरांनी आठवीतल्या धनकुंवरच्या हाती चिठ्ठी दिली: ‘वजन प्रमाणापेक्षा बरंच जास्त. तूप-मिठाई कमी करावी. रोज पायी चालावं.’ वर्ष दुष्काळाचं होतं. तिच्या वडिलांनी, लखीचंदशेटनी, पहिलं वाक्य वाचलं आणि दुष्काळातही घरात सुबत्ता असल्याचा दाखला मिळाला म्हणून दोंडाईच्याच्या पेठेत पेढे वाटले.

“बाबूजी, पुढचंही वाचा ना.”

“पुढचं आपल्यासाठी नाही. लखीचंदची मुलगी पायी हिंडली तर चांगल्या घरची सोयरीक येईल का? जा, शिरा गार होतोय. आजीनं आज तूप वाढवलंय.”

शेट दुकानावर जाताना तिला टांग्यातून शाळेत सोडत. दुसऱ्या दिवशी भर बाजारात तिनं टांगा थांबवायला लावला, उतरली आणि दप्तर घेऊन चालू लागली. शेटनी टांगा तिच्या मागेमागे घेतला. भाजी विकणाऱ्या भिकुबाईनं हाळी दिलीच, “शेटजी, पोर पायी काबरं जाई र्‍हायनी? टांगा इकाले काढा का?”

शेट घामाघूम झाले. “बस वर! ऐकलंस ना गाव काय म्हणतंय?”

धनकुंवर थांबली नाही. “मग गावाला काय सांगायचं ते ठरवा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, हे तुम्ही सांगता, की आपलं दिवाळं निघालंय, असं मी सांगू?”

त्या दिवसापासून लखीचंदशेट भेटेल त्याला अडवून पायी चालण्याचे फायदे समजावू लागले. टांग्यातून न उतरता.