हिरवा ठिपका

"फुकटचं पुस्तक!" संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांनी ते दोन बोटांनी उचललं. "हे वाचून मुलं हुशार होणार असतील, तर आम्ही काय इतकी वर्षं गोट्या खेळत होतो?"

प्राचार्यांना नवं खूळ लागलं होतं. ज्या तुकडीचं पुस्तक फुकट किंवा स्वस्तात मिळतं, त्याच्यापुढे वेळापत्रकात हिरवा ठिपका द्यायचा, म्हणजे नाव नोंदवण्याआधीच मुलांना कळेल. पुस्तक ठिपक्याच्या लायकीचं आहे का, हे मात्र विभागप्रमुखांनी ठरवायचं. संख्याशास्त्राच्या तुकड्या दोन. एक विभागप्रमुखांची, म्हणजे सरांची, तिला सरांनीच लिहिलेला, उशाला घेता येईल असा महागडा ग्रंथ. दुसरी गेल्या वर्षी रुजू झालेल्या मॅडमची. तिला मॅडमनी लिहून सगळ्यांना खुला केलेला हा कागदांचा गठ्ठा. ठिपका मिळाला की मुलं तिकडे पळणार, सरांची तुकडी बंद पडणार, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना सरांना पहिल्या वर्षाला टक्केवारी शिकवावी लागणार. तेव्हा सरांनी अत्यंत निःपक्षपातीपणे लाल पेन उघडलं.

चूक सापडेना. त्याहून वाईट म्हणजे, पुस्तक कळत होतं. संख्याशास्त्राच्या पुस्तकाला हे शोभत नाही, असं सरांचं प्रामाणिक मत होतं.

सोळाव्या पानावर मात्र ते ताडकन उभे राहिले. तिथे एक सासरेबुवा होते. त्यांच्याकडे दोन घड्याळं, एक दहा मिनिटं पुढे, एक दहा मिनिटं मागे. सरासरी अगदी अचूक, आणि सासरेबुवांची गाडी रोज चुकलेली.

चोरी! उदाहरण सरांचं होतं. सासरेही सरांचेच होते.

पुरावा म्हणून सरांनी स्वतःचा ग्रंथ कित्येक वर्षांनी उघडला. दुसऱ्या प्रकरणात त्यांना जांभई आली. शेवटपर्यंत चाळला, तरी सासरे सापडले नाहीत. मग आठवलं. छापायला देताना त्यांनीच ते उदाहरण गाळलं होतं. ग्रंथात सासरे बरे दिसत नाहीत.

त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. "हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"तुमच्याच वर्गात, सर. शेवटच्या बाकावर." मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुमचं पुस्तक घेणं आम्हाला परवडलं नाही. तुम्ही 'बाकीचं पुस्तकात बघा' म्हणालात की मुलं वह्या मिटायची. माझी ती सोय नव्हती. म्हणून तुम्ही बोलाल तो शब्द न् शब्द उतरवून घेतला, विनोदांसकट. त्याच वह्यांचं हे पुस्तक झालं. पहिल्या पानावर तसं लिहिलंय मी."

पहिलं पान सरांनी वाचलंच नव्हतं. तिथे चुका नसतात. आता त्यांनी ते वाचलं. तिथे त्यांचं नाव होतं, आणि त्याखाली आभार. सरांना लाज वाटली. समोरचा चेहरा आपल्याला मुळीच आठवत नाही, याची तर जास्तच.

मॅडमच्या तुकडीपुढे त्यांनी हिरवा ठिपका दिला. मग स्वतःच्या तुकडीचा तक्ता पुढे ओढला, ग्रंथाचं नाव खोडलं आणि तिथे मॅडमच्या पुस्तकाचं नाव लिहिलं. तीस वर्षं शिकवल्यानंतर सरांनी पहिल्यांदाच स्वतःचं पुस्तक वर्गाला लावलं.