भागिरथाचा आंगठा

पट्टा पुन्हा तळपायावर बसला आणि धम्मरत्नच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"लॉकचा नंबर सांग," जमादार म्हणाला. पोलीस चौकीतल्या टेबलावर धम्मरत्नचा फोन पडला होता, कुलूप लावलेला.

"साहेब, फोन पाहाले कोर्टाचा कागद लागते," असं तो सकाळी मोठ्या आदबीनं बोलून बसला होता. त्याचं बक्षीस म्हणून खालचा एक दात आता जिभेला हलता लागत होता. फोनमध्ये धाकट्या भावाचा, प्रसेनजितचा मेसेज होता: राधिका आणि तो मानोऱ्याजवळच्या तांड्यावर भाऊसिंगच्या घरी आहेत, उद्या कोर्टात लग्न. राधिकाचा बाप दौलतराव बाहेर बाकावर गाडीची चावी बोटाभोवती फिरवत बसला होता. दोघंही सापडले की विहिरीत टाकतो, असं त्यानं चारचौघांत सांगितलं होतं. बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता तो.

फोनवरची बोटाची खूण जमादाराला आता कुठं दिसली. "आंगठ्यानंबी उघडते की हा. उठव रे त्याले."

शिपायानं त्याला उभं केलं. खोलीचं दार लोखंडी होतं. धम्मरत्ननं उजवा आंगठा बिजागरीच्या फटीत घातला आणि सगळं अंग टाकून दार लोटलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. जमादारानं शिवी घातली, रक्त पुसून तो चेंदा फोनवर दाबला, मग डावा आंगठा दाबला. फोन नुसता थरथरला. धम्मरत्न भिंतीला टेकून खाली घसरला आणि हसला. जिंकलो, असं त्याला खरंच वाटलं.

तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला. भागिरथा डबा घेऊन आली होती. जमादार फोन उचलून बाहेर गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

"मावशी, धाकट्याले फोन लावून बोलाव. तो आला का याले सोडतो. पन हा फोनच उघडून नाही देऊन राह्यला."

धम्मरत्न धडपडत उठू लागला. मागच्याच महिन्यात त्यानं आईचा आंगठा वीसदा पुसून पुसून त्या फोनवर दाबून घेतला होता. त्यानं ओरडायला तोंड उघडलं. शिपायानं त्यात रक्त पुसलेला रुमाल कोंबला आणि छातीवर गुडघा दिला.

"मी उघडतो ना," भागिरथा म्हणत होती. "कंट्रोलात रेशन घेताना मशीनवर माहा आंगठा कधीच लागत नाही, साहेब. निंदनं-खुरपनं करून घासून गेला. पन माह्या धम्मानं या फोनमंदी बसवून देल्ला, धाकट्याशी बोलाले."

मग जमादाराच्या तोंडून भाऊसिंगचं नाव ऐकू आलं. बाकावरची चावीची किणकिण थांबली. थोड्या वेळानं अंगणात दौलतरावची गाडी सुरू झाली.

भागिरथा दार ढकलून आत आली. आत अंधार होता, तिला अजून काही दिसलं नव्हतं.

"धम्मा, उघडला रे," ती म्हणाली. "पह्यल्या डावात."