खोकल्याची कसोटी

हेडफोनची परीक्षणं लिहिणं हा त्याचा धंदा, आणि महागड्यातला महागडा हेडफोनही शेवटी एकाच कसोटीला लावायचा, ही त्याची पद्धत. गाणं बंद करायचं आणि पलीकडच्या खोलीतला बाबांचा खोकला किती ऐकू येतो ते पाहायचं. भल्याभल्या कंपन्यांनी तिथे हात टेकले होते. "मी आहे तोवर तुझे दहापैकी दहा कुणाला मिळत नाहीत," असं म्हणून बाबा हसायचे आणि हसता हसता पुन्हा खोकायचे.

आज टेबलावर तीन हेडफोन होते. पहिल्याचा आवाज भरदार, पण थोड्याच वेळात कानशिलं आवळून धरणारा. दुसरा इतका हलका की डोक्यावर आहे की नाही तेही कळू नये, पण त्यात गाणं अगदीच पातळ. तिसऱ्यात गायिकेचा श्वाससुद्धा सुटा ऐकू येत होता. खोकल्याच्या कसोटीत मात्र तिघांनाही दहापैकी दहा पडले.

"अहो," बायको दारात येऊन हळूच म्हणाली, "मंडळी भेटायला आलीत, कधीची बाहेर बसलीत. उठताय ना?"

"आलो. एवढं एक राहिलंय."

त्याने फोम फाटलेला जुना हेडफोन चढवला. त्यातून बाबा नुसते खाकरले तरी ऐकू यायचं. त्यालाही दहापैकी दहा.

 

शेवटी त्याने तोही काढून ठेवला, उघड्या कानांनी पलीकडच्या खोलीचा कानोसा घेतला, आणि त्या कानांनाही दहापैकी दहा दिले.