तिसरा रेडिएटर

दिगंबररावांनी तिसऱ्या रेडिएटरवर टकटक केली, कान लावला, मग उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. परत करायच्या बोलीवर आणलेले आधीचे दोघे पडवीत भिंतीला टेकून बसले होते. एक ॲल्युमिनियमचा म्हणून नापसंत, दुसरा तांब्याचा असूनही अंगाने किरकोळ म्हणून.

हेमलताबाई पोह्यांची बशी घेऊन आल्या. यांच्या जुन्या जीपने कुंभार्ली घाटात वाफ सोडली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. चिपळूणचे झाडून सगळे मेकॅनिक सल्ला देऊन दमले होते.

"घाई करून चालत नाही," दिगंबरराव म्हणाले. "एकदा बसवला की जन्माचा. तापलं तर सोसेल का, ऐन चढणीला गळून तर पडणार नाही, सगळं पाहावं लागतं."

"मला पाहायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिलात."

"तुझ्यात खोट काढायला जागाच नव्हती," ते स्वतःच्या उत्तरावर खूश होऊन म्हणाले. त्या खुशीत औदार्यही सुचलं. त्यांनी रेडिएटर बाईंपुढे सरकवला. "बरं, तूच सांग. हा पसंत करू?"

एवढ्या वर्षांच्या संसारात मत विचारलं जाण्याची ही पहिलीच खेप. बाईंनी पदराने त्याच्यावरची धूळ सावकाश टिपली.

"त्यालाच विचारा," त्या म्हणाल्या, "आपल्याकडे यायचंय का. मागच्या खेपेला तेवढं विचारायचं राहिलं होतं."