निळी फुली

"काकी, हा तुमीच कापा. माजी कात्री वाकडी जाती," म्हणत राजेश्वरीनं हिरवा खण मंगलपुढं सारला.

साताऱ्यात स्टँडमागच्या एका हॉलमध्ये दर गुरुवारी पाच बायका कापडी वह्या शिवायला जमत. जुन्या साड्यांचे तुकडे, लेस, मणी, बटणं, आत जाड कागदाची पानं आणि वर खणाचं कव्हर. कव्हराला ओटीतले खण वापरायचे, ही हरणाबाईंची युक्ती. त्या गटात सगळ्यांत थोरल्या. "न्हाईतर हे खण जन्मभर या घरातनं त्या घरात फिरत ऱ्हात्यात. ब्लाउज काय कुणाचा व्हत न्हाई," असं त्या म्हणायच्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मंगल वडूजहून यायची. तिचा आपला वेगळाच कारभार. आपण दिलेला खण फिरून आपल्याच ओटीत पडला की तिला अपमान झाल्यासारखा वाटे. म्हणून घरातल्या प्रत्येक खणाच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूनं, ती निळ्या दोऱ्याची बारीक फुली घालून ठेवी. बाहेर कुणाला ही खूण ठाऊक नव्हती.

तिनं खण उलटा केला. कोपऱ्यात निळी फुली होती.

"कुठनं मिळाला गं?" तिनं सहज विचारलं.

राजेश्वरी शिरवळची. गटात येऊन तिचा हा तिसराच गुरुवार. "आमच्या बिल्डिंगमदी वर एक पोरगी ऱ्हाती. दोन म्हयन्यांमागं तिच्या बाळाचं बारसं झालं. पाळण्याला पाचजणी व्हतो, पाचींच्या ओट्या भरल्या तिनं."

"कोण पोरगी?"

"शिवांजली. कंपनीत कामाला हाय. घरातनं पळून जाऊन लगीन केलंय बिचारीनं."

मंगलनं कात्री खाली ठेवली.

शिवांजली घर सोडून गेली त्याला चार वर्षं झाली होती. त्याच दिवशी घरामागच्या विहिरीच्या काठावर ठरलं, की या पोरीचं नाव पुन्हा निघायचं नाही. मंगलचा नवरा आकाराम फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेला, शब्दाचा पक्का. चार वर्षांत त्याच्या तोंडून लेकीचं नाव एकदाही बाहेर पडलं नव्हतं. तिचा फोटोही भिंतीवरून उतरला. या गटात पोरं किती म्हणून विचारलं, तेव्हा मंगलनं एवढंच सांगितलं होतं, "एक मुलगा, इंद्रजित. फौजेत हाय."

जाताना पोरीनं ट्रंकेतले खण नेले असणार, असं तिच्या मनात आलं. त्याचा राग यायला हवा होता, पण तिला बरं वाटलं. आईचं काहीतरी सोबत असावं असं पोरीला वाटलं होतं तर.

"मुलगा का मुलगी?"

"मुलगी. लय गोड. जावळ तर ही एवढं!"

नात झाली, तिचं बारसं झालं, आणि आपल्याला पत्ता नाही.

"मंगल, कापतीस का नुसतीच बघत बसतीस?" हरणाबाईंनी समोरून हटकलं. "त्यो खण हाय, स्थळ न्हवं."

बायका हसल्या. मंगलही हसली आणि तिनं खण सरळ रेषेत कापला. फुली शिवणीच्या आत जाईल अशी घडी घातली आणि धावदोरा घालायला घेतला. हात चालत होता आणि मनात बेत शिजत होता. पुढच्या गुरुवारी गटाला निघाले म्हणून सांगायचं. साताऱ्याच्या स्टँडवर उतरून परस्पर शिरवळची एसटी धरायची. नातीला घटकाभर मांडीवर घ्यायचं आणि नेहमीच्या वेळेला घरी हजर व्हायचं. आकारामला मात्र कळता कामा नये. त्याला कळलं तर घरात मान वर करून वावरता येणार नाही, हे ती ओळखून होती.

दोऱ्याला गाठ मारून ती राजेश्वरीकडं सरकली आणि हळूच म्हणाली, "पुढल्या गुरवारी मी येते शिरवळला. ते बाळ बघावं वाटतंय मला. तू त्या पोरीचं घर तेवढं दाव. पर आमच्या ह्यांच्या कानावर जाऊ नगं."

"या की. पर गुरवारी नगं, काकी. गुरवारी तिचे वडील असत्यात."

"वडील?"

"व्हय, मिशीवाले, फौजेतले. तिला दिवस गेले तवापासनं दर गुरवारी येत्यात. बारशाला खणांची पिशवीबी त्यांनीच आणलीती. नातीला मांडीवरनं खाली ठेवत न्हाईत बघा. पर जीव मुठीत धरून येत्यात. म्हणत्यात, 'लेकीचं नाव काढलंसा तर हीर जवळ करीन, अशी बायकोनं शपथ घातलीया, तिला कळू देऊ नगा.' आवं, ही कसली आई असंल, काकी?"