नी हाओ आणि अक्कलदाढ

"चूक. पुन्हा," डॉक्टर लिऊ डोळे मिटून म्हणाले.

खुर्चीत आडवा पडलेला वादिराज तोंडातला कापूस सावरत म्हणाला, "नी हाओ."

"'नी' वर चढवायचा. 'हाओ' आधी खाली सोडायचा, मग उचलायचा. नी हाओ." डॉक्टर क्षणभर थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. "चूक. पुन्हा."

वादिराजला रडू यायचं तेवढं बाकी होतं. चेन्नईतल्या अंबत्तूरला तो ज्या कारखान्यात कामाला होता, तिथे उद्या चीनहून पाहुणे येणार होते. पुण्याहून बदली होऊन आलेल्या मॅनेजरनं जाहीर केलं होतं, पाहुण्यांचं त्यांच्या भाषेत नीट स्वागत केलंस तर ट्रेनिंगला चीनला तू, नाहीतर तुझ्या शेजारच्या मशीनवरचा गजेंद्र. आणि वादिराजच्या बायकोनं, सरोजानं, नवरा चीनला निघाला हे ते राहायचे त्या अर्ध्या तांबरमला सांगूनही टाकलं होतं.

चेन्नईत चिनी माणूस शोधायचा कुठे? अण्णा नगरात पाटी दिसली : डॉ. लिऊ, दंतवैद्य. पण दंतवैद्याकडे जाऊन नुसत्या गप्पा मारायच्या, हे वादिराजच्या तंजावरी संस्कारांत बसेना. म्हणून पहिल्या दिवशी त्यानं दात साफ करून घेतले. मग एक दाढ भरून घेतली. आज दाखवायला काहीच उरलं नाही, तेव्हा अक्कलदाढ काढून घेतली.

"माणूस भला आहे," तो घरी सांगायचा. "बिचारा एका कानात मशीन घालतो, ऐकू कमी येत असेल. पण शिकवायला कडक."

"गाल धरून घरी येता, आणि म्हणे भला!" सरोजा म्हणायची.

डॉक्टर पुढे सरकले. "'नी' म्हणजे तुम्ही, 'हाओ' म्हणजे छान. आणि ओळखीतला असला तर छ्र-ल-मा. म्हणजे, जेवलात का?"

"अय्यो, हे तर आपल्यासारखंच!"

"हो ना. माझी आजीसुद्धा दारातच तमिळमध्ये विचारायची, सापटाचा?" डॉक्टर हसले आणि लगेच डोळे मिटले. "छ्र-ल-मा... चूक. पुन्हा."

वादिराजचा धीर सुटला. "सार, मला नाही जमत. उद्या तुम्हीच चला कारखान्यात. मी हार घालतो, तुम्ही बोला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी कानातलं मशीन काढून वादिराजच्या तळहातावर ठेवलं. त्यातून चिनी शिकवणारी एक बाई बारीक आवाजात म्हणत होती, "नी हाओ. नी हाओ."

"सार, आजोबांच्या मागे आमच्या घरात तमिळच. चिनी मला येत नाही. पहिल्या दिवशीच सांगणार होतो, पण तुम्ही इतक्या आशेनं तोंड उघडून बसला होतात..."

वादिराजची जीभ आपसूक दाढेच्या रिकाम्या जागेवर गेली. "मग 'चूक, पुन्हा' करून माझा जीव का खाल्लात?"

"तुमचं तर पहिल्या दिवशीच जमलं होतं," डॉक्टर म्हणाले. "ते 'चूक, पुन्हा' मी स्वतःला म्हणत होतो."